वेद वदविणारा हात



जुन्नर तालुक्यातील आळे हे गाव आपल्या संप्रदायास नव्याने सांगावयास नको. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानोबारायांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले, त्या रेड्याची समाधी या गावी आहे. पैठणाहून नेवासे आणि तेथून आळंदी अशी वाट चालत असता त्या चार भावंडांबरोबर तो मुका जीवही निघाला आणि आळ्यास येऊन त्याने देह ठेवला, असे परंपरा सांगते. ज्याच्या पाठीवर पखाली लादाव्यात त्या जनावराची समाधी बांधून तिच्यापुढे मस्तक टेकणारा आपला संप्रदाय आहे. आज पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन हमरस्ते जेथे एकमेकांस छेदतात तो आळेफाटा ट्रकवाल्यांस आणि कांदा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांस अधिक ठाऊक. आम्ही फाट्यावर उतरलो की पाय आधी गावाकडे वळतात.

हे गाव आणि हा रेडा आज आम्ही एका वेगळ्याच विषयासाठी काढला आहे. विषय आहे घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या हातातील मोबाईलचा. कोणी म्हणेल, बुवांनी आता हे काय आरंभिले? थोडे थांबावे, संबंध लागेल.

पैठणच्या सभेत मुख्य वाद अधिकाराचा होता. संन्याशाची मुले, त्यांस अधिकार कोठला? जवळून पखालीचा रेडा चालला होता, त्याचेही नाव ज्ञाना. कोणी उपहासाने म्हणाले, नावात काय आहे, तो रेडाही ज्ञानाच! तेव्हा ज्ञानोबारायांनी शास्त्रार्थ लांबविला नाही. त्यांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे, आणि कीर्तनात तोच भाग रंगतो. आमचे मन मात्र अलीकडे त्या हातापाशीच अडते. सभेत एवढे विद्वान बसले होते, पण रेड्याला काही येत असेल असा विचार कोणाच्याच मनात आला नाही. त्याला काय येणार, हे आधीच ठरून गेलेले. ज्याने ते ठरविले नव्हते असा त्या सभेत एकच होता, आणि त्याचा हात पुढे झाला.

'त्यांना काय येणार' हे वाक्य आज घरोघर कोणाविषयी बोलले जाते ते पाहा. आजोबांविषयी, आजीविषयी. आम्ही स्वतः साठी ओलांडली आहे, तेव्हा रेड्याची उपमा प्रथम आमच्याच अंगाला लागते. कोणी रागावू नये.

आजी विचारते, "अरे, हा तुझ्या मामाचा फोटो मोठा कसा करायचा रे?" नातू म्हणतो, "आण इकडे." फोन काढून घेतो, दोन बोटांनी काहीतरी करतो, फोटो मोठा होतो, फोन परत. आजीला मामा दिसला. कसा दिसला ते कळले नाही. उद्या पुन्हा विचारावे तर पोरगा त्रासतो. मग ती विचारीतच नाही, आणि नातू आपल्या मित्राला सांगतो की आमच्या आजीला मोबाईल येत नाही. अहो, येईल कसा? पोहायला शिकवायचे म्हणून विहिरीवर न्यावे आणि प्रत्येक वेळी आपणच उडी मारून दाखवावी, असे झाले. हा फोन काढून घेणारा हात आणि तो मस्तकावर ठेवलेला हात, यांच्यामध्ये जे अंतर आहे तेवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

सरकारचेही पुष्कळ अंशी तसेच झाले. २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान निघाले. ६ कोटी ग्रामीण घरांत प्रत्येकी एक माणूस तरी या यंत्रविद्येत साक्षर करावा हा हेतू उत्तम होता. पण वयाची अट होती १४ ते ६०. म्हणजे ६१ वर्षांचा माणूस घरातला तो 'एक माणूस' होऊ शकत नव्हता. मार्च २०२४ अखेर ते अभियान संपलेही. आणि गंमत अशी की निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला, जो बहुधा साठीनंतरच लागतो, तो २०१४ पासून यंत्रावरून देता येतो! ज्याला गरज, त्याला पाठ नाही. पुढे २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, ज्याला 'उल्लास' म्हणतात, पंधरा वर्षांपुढील कोणासही शिकता येते आणि अक्षरओळखीबरोबर डिजिटल व्यवहारांची ओळखही त्यात धरली आहे. हे बरे झाले. तथापि कार्यक्रम कागदावर असणे आणि आजीच्या शेजारी कोणी बसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेजारी बसले म्हणजे काय होते ते पाहावयास फार दूर जावे लागत नाही. आळेफाट्यावरून कल्याणच्या रस्त्याला लागावे, ओतूर मागे टाकावे, माळशेज घाट उतरावा, की ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका लागतो. त्या तालुक्यातील फांगणे या लहानशा गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या कानी एक बोलणे आले होते. शिवजयंतीच्या निमित्ताने गावात वाचन चालले असता काही वृद्ध स्त्रिया म्हणाल्या, आम्हांलाही असे वाचता आले असते तर! एवढ्या एका वाक्यावर ती शाळा उभी राहिली. मोतीराम दलाल यांच्या नावाच्या न्यासाने पाटी, दप्तर आणि गुलाबी नऊवारी लुगड्याचा गणवेष दिला. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या घरकाम आणि शेतकाम उरकून दुपारी दोन तास पाटी घेऊन बसू लागल्या. शिकविणारी गावातलीच एक सून, आणि तिची सासूबाई तिच्याच वर्गात! आता सासूने सुनेपुढे पाटी धरावी आणि सुनेने "आई, हा काना राहिला" म्हणावे, याला आम्ही तरी तपश्चर्याच म्हणू. दोघींचीही.

त्या शाळेत मोबाईल नव्हता, पाटीच होती. पण वृद्धांना काय शिकवावे याच्या आधी कसे शिकवावे याचा सारा वस्तुपाठ तेथे आहे. गणवेषाने लाज घालविली; सर्वांचे लुगडे एकाच रंगाचे, तेव्हा कोणी कोणास हसावयाचे? वेळ त्यांच्या सोयीची. आणि मुख्य म्हणजे आरंभ त्यांच्या इच्छेपासून झाला. कोणी वरून येऊन 'तुम्ही अडाणी आहात, शिका' असे म्हटले नाही. त्यांना वाचावयाचे होते, म्हणून अक्षर आले.

मोबाईल शिकवितानाही प्रथम हेच विचारावे की, आजी, तुम्हांला काय हवे? एकीला मुंबईस असलेल्या लेकीचा चेहरा पाहावयाचा असतो. एखाद्या माळकऱ्याला पंढरीची पूजा पाहावयाची असते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरीस गेल्या. ज्यांच्या उभ्या जन्मात आषाढीची वारी चुकली नव्हती असे म्हातारे वारकरी घराच्या ओट्यावर बसून राहिले होते. त्या दिवशी नातवाने हातात धरलेल्या काचेत ज्यांनी विटेवरचे रूप पाहिले आणि तिलाच हात जोडले, त्यांना या यंत्राचा द्वेष करा म्हणून कोणी सांगू नये.

परंतु पाहणे एवढ्याने आमचे समाधान होत नाही. आमचे म्हणणे असे की वृद्धांनी या यंत्रातून बोलावे. आज त्यांच्या वाट्यास फक्त ऐकणे आणि पुढे ढकलणे आले आहे. सकाळी उठावे, कोणी पाठविलेले फुलाचे चित्र दहा जणांस पाठवावे, म्हणजे झाला त्यांचा मोबाईल. ज्यांच्या पोटात सत्तर वर्षांचा प्रपंच आहे त्यांनी दुसऱ्याचे उष्टे वाटीत बसावे काय?

आमच्या या भागातल्या म्हाताऱ्यांपाशी काय काय आहे याचा विचार करावा. १९७२ चा दुष्काळ. तेव्हा वीस वर्षांचा असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे. खडी फोडून हाताला आलेले फोड, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी, सुकडीसाठी लावलेली रांग, चाऱ्यावाचून सोडून दिलेली जनावरे, हे पुस्तकात एका ओळीत येते. त्यांच्या तोंडून तासभर येते. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. कोणाच्या शेतात पाणी आले आणि कोणाचे घर पाण्यात गेले. दोघांची गोष्ट एकाच पाण्याची, पण सारखी नव्हे. पायी वारीत रस्ता नव्हता तेव्हा मुक्काम कसे असत, दिंडीत स्वयंपाक कशावर होई, कोणत्या गावच्या कोणत्या माउलीने तीस वर्षे त्याच दिवशी पिठले-भाकरी घातली. जात्यावरच्या ओव्या. आणि खुद्द आळ्याच्या रेड्याची कथा, जी प्रत्येक घरच्या आजीची थोडी निराळी असते. हे सर्व आज एकेका श्वासावर टांगलेले आहे.

हे सांगण्यास लिहिता येण्याची गरज नाही. आपल्याच परंपरेत पाहा. ज्ञानेश्वरी नेवाशास सांगितली गेली ती ज्ञानोबारायांच्या मुखाने, लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी, शके १२१२ मध्ये. चोखोबारायांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले असे सांगतात. तुकोबारायांपाशी संताजी जगनाडे होते. सांगणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा, ही आपल्याकडची सातशे वर्षांची रीत. बहिणाबाई चौधरी यांना अक्षर येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी रचीत, आणि चिरंजीव सोपानदेव व त्यांचे एक आप्त यांनी ती जमेल तशी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेऊन ती गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आणली. जेवढी टिपली गेली तेवढीच वाचली. न टिपलेली किती, ते जात्यालाच माहीत.

ओव्यांचेही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पुष्कळ बायांचा प्रत्यक्ष आवाजही यंत्रात घेतला गेला, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात तो कोणालाही घरबसल्या ऐकता येतो. घराघरात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, त्याबरोबर ओवीही गेली असती. ती अशी राहिली. परंतु ते काम करावयास बाहेरून विद्वान यावे लागले. आता तेच यंत्र आजीच्या उशाशी आहे. सच्चिदानंदबाबा घरात जन्मास आले आहेत, बारावीत शिकत आहेत! त्यांनी फक्त जरा बसावे.

असे बसलेल्या एका नातवाची हकिगत अलीकडची आहे आणि पुष्कळांस ठाऊक आहे. आळेफाट्यावरून जाणारा तोच रस्ता माळशेजच्या उलट बाजूस अहिल्यानगरकडे जातो. त्या नगराजवळ सारोळा कासार गावी सुमन धामणे या राहतात. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. स्वयंपाक मात्र हाताचा. सत्तरीच्या घरात असताना, २०२० च्या सुमारास, नातवाने त्यांच्या पाककृतींच्या चित्रफिती 'आपली आजी' या नावाने यूट्यूबवर ठेवण्यास आरंभ केला. कॅमेऱ्यापुढे प्रथम बुजत होत्या. हळूहळू धीर आला, इंग्रजी शब्दही तोंडी बसले, आणि लाखो लोक त्यांची कारल्याची भाजी पाहून आपल्या घरी करू लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये कोणी चोरट्याने ते खातेच पळविले. आजीच्या जिवाला मोठा घोर लागला. काही दिवसांनी ते परत मिळाले. आम्हांस यात लाखांच्या आकड्याचे अप्रूप नाही. ज्या बाईने सारा जन्म चुलीपुढे काढला, तिला आपले येणे हे 'येणे' आहे असे सत्तरीत कळले, हे मोठे. आणि खाते गेले तेव्हा ती रडली ते कशासाठी? यंत्रासाठी नव्हे. आपले बोलणे गेले म्हणून.

आता पूर्वपक्ष येतो, आणि तो खोटा नाही. पूर्वपक्षी म्हणतो, "बुवा, उतारवयात नाम घ्यावे की मोबाईल? या यंत्राने तरुण पोरे वाया चालली, आता म्हाताऱ्यांनाही तेच लावता काय?" आमचे उत्तर असे की वस्तू घरात नसती तर गोष्ट वेगळी. ती घरात आहे, हातात आहे, आणि न शिकल्यामुळे माणूस तिच्या हाती गेला आहे. तोंडावर मोबाईल धरून दिवसभर नको ते पाहणारा म्हातारा न शिकलेला आहे म्हणून पाहतो. काय निवडावे ते त्याला येत नाही, जे समोर सरकत येते ते तो पाहतो. आपली गोष्ट सांगावयाची असेल तर आधी ती आठवावी लागते, जुळवावी लागते, कोणाविषयी काय बोलावे काय बोलू नये ते मनाशी ठरवावे लागते. ज्याने मनन केलेले आहे तोच दहा मिनिटे नीट बोलू शकतो. याला व्यसन म्हणता येणार नाही. शिवाय मुले पुण्या-मुंबईस आणि चाकणच्या कारखान्यांत. घरात दोन म्हातारी आणि एक कुत्रा. त्यांच्याशी दिवसाकाठी कोण बोलते, हे पूर्वपक्ष्याने एकदा मोजून पाहावे.

तथापि धोका आहेच, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण मानले आहे, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे; ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आहे आणि जो तशीच सांगू इच्छितो, तो आप्त. मोबाईलवर संदेश येतो भाच्याकडून, भाच्याला आला मित्राकडून, मित्राला कोठून आला ते त्यालाही माहीत नाही. पाठविणारा आपला आहे म्हणून वाक्य आप्ताचे होत नाही. वेदाचा एक स्वर बदलू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी पद, क्रम, जटा, घन असे पाठ बांधले, उलटसुलट म्हणून पाहिले, शतकानुशतके जपले. आणि आपण मात्र कोणाच्या तरी ओळींखाली तुकोबांचे नाव दिसले की डोळे मिटून शंभर जणांस पाठवितो! गाथा घरात असते. उघडून पाहावयास किती वेळ लागतो?

हे केवळ अभंगांपुरते असते तर सोसले असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली आहे अशा मोबाईलवरून पसरलेल्या खोट्या बातमीपायी जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक मंगळवेढे तालुक्यातले. मंगळवेढे, म्हणजे चोखोबांचे, दामाजीपंतांचे, कान्होपात्रेचे! दारी झोळी घेऊन येणाऱ्यास मूठभर पीठ घालणारा हा महाराष्ट्र, त्याने त्यांना दगडांनी मारले, आणि त्या दगडाचा पहिला खडा कोणीतरी घरी बसून अंगठ्याने फेकला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलता येऊ नये अशी मर्यादा आपल्या देशात घातली. यंत्राने मर्यादा घातली; आपण आपल्या अंगठ्यास घातली का? जुन्नरच्या शिवारात बिबट्याचा वावर खराच आहे, लोकांचे प्राण गेले आहेत. म्हणूनच दुसऱ्या कोठल्या तरी बिबट्याची चित्रफीत आपल्या ओढ्यातली म्हणून आली की ती पुढे पाठविण्यापूर्वी त्या ओढ्याकाठच्या माणसास एक फोन करावा. ज्या आजोबांनी सारे शिवार पायाखाली घातले आहे त्यांना चित्रातला ओढा आपला की परका हे नातवापेक्षा लवकर कळते. या कामी म्हातारा माणूस अडाणी नाही, तोच पंडित आहे.

दुसरा धोका चोरांचा. फोन येतो, आम्ही पोलीस बोलतो, तुमच्या नावावर गुन्हा आहे, कोणाला सांगू नका, कॅमेऱ्यापुढून उठू नका. याला 'डिजिटल अरेस्ट' असे नाव आहे. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी खुद्द पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात हे देशास सांगितले. चोर 'कोणाला सांगू नका' म्हणतो, तेथेच ओळखावा. बँकेचा आकडा कोणी मागितला तर तो देऊ नये, मागणारा कितीही गोड बोलो. आणि फसलोच तर लाज बाळगून गप्प बसू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर तितका पैसा अडण्याचा संभव. हा क्रमांक चुलीच्या वर कोळशाने लिहून ठेवावा. आजकाल कोळसा नसतो, तर खडूने.

इतके सांगून झाले. आता प्रत्यक्ष शिकवावे कसे याविषयी थोडे. हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही, आमच्या बरोबरच्या म्हाताऱ्या टाळकऱ्यांना शिकविता शिकविता जे दिसले ते सांगतो.

पहिला नियम, फोन शिकणाऱ्याच्या हातून सुटता कामा नये. शिकविणाऱ्याने आपले हात पाठीमागे बांधून बसावे, म्हणजे मोह होत नाही. तोंडाने सांगावे. चुकले तर चुकू द्यावे. फोन काही फुटत नाही. म्हाताऱ्यांचा अंगठा कोरडा आणि राकट असतो, काचेवर तो पुष्कळदा लागत नाही. मग ते जोराने दाबतात आणि भलतेच उघडते. त्यांना हलके बोट लावण्यास सांगावे, जसे बुक्का लावतो तसे. आरंभीच सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठे करून द्यावे. अर्धे लोक 'येत नाही' म्हणतात ते दिसत नाही म्हणून, आणि दिसत नाही हे सांगावयास लाजतात. एका दिवशी एकच गोष्ट शिकवावी, आणि दुसऱ्या दिवशी नवे काही न देता तीच पुन्हा करवून घ्यावी. पाठशाळेत आम्ही संथा अशीच घेत होतो. गुरुजी एकदा म्हणत, आम्ही दोनदा. हे कोठेही बदललेले नाही.

लिहिता येत नसेल तरी अडत नाही. कळफलकावर माईकचे चिन्ह असते, ते दाबून मराठी बोलले की अक्षरे आपोआप उमटतात; गूगलने ही सोय २०१७ मध्ये मराठीला दिली. आपला उच्चार त्याला नेहमी कळतोच असे नाही. आमच्या एका सोबत्याने 'माउली' म्हटले तर त्याने 'मावशी' लिहिले. हसू येते, पण पुन्हा म्हटले की जमते. वाचता येत नाही त्यास आवाजाचा संदेश पाठवावयास शिकवावे. तेथे अक्षराचे कामच नाही.

गोष्ट सांगावयाची झाली तर फोन आडवा धरून तांब्याला टेकवून ठेवावा. खिडकी समोर घ्यावी, पाठीमागे नको, नाहीतर तोंड काळे दिसते. पंखा बंद करावा. पहिल्या वाक्यात आपले नाव, गाव आणि गोष्ट कोणत्या सालची ते सांगावे. साल ठाऊक नसेल तर 'दुष्काळाच्या आदल्या वर्षी' एवढे पुरे. तीन-चार मिनिटांहून अधिक नको. मोठी गोष्ट असेल तर तुकडे करावेत, कीर्तनात मध्ये नामघोष घेतो तसे थांबावे. ऐकणाऱ्याने समोर बसून 'मग?' एवढेच म्हणावे. म्हातारा माणूस यंत्राशी बोलत नाही, माणसाशी बोलतो. समोर कोणी नसेल तर दोन वाक्यांत गोष्ट आटोपते आणि तो म्हणतो, झाले. ती गोष्ट घरच्यांच्या गटात ठेवावयाची की साऱ्या जगास खुली करावयाची, हे सांगणाऱ्याने ठरवावे, नातवाने नव्हे. दोन्हींतला भेद करून दाखवावा. दुसऱ्याच्या घरची भांडणे, सातबाऱ्याचे वाद, कोणाच्या सुनेची निंदा खुल्या जागी घालू नये. आधारकार्ड आणि बँकेचे पुस्तक चित्रात येऊ देऊ नये. नातवानेही आजीच्या बोलण्यावर कसले तरी सिनेमाचे संगीत घालू नये. तिचा आवाज पुरेसा आहे.

आणि भाषा सुधारू नये. आजी 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं' राहू द्यावे.

आमच्या टाळकऱ्यांपैकी एका वृद्धाने असे प्रथम बोलून दाखविले ते दुष्काळातल्या आपल्या बैलजोडीविषयी होते. अडीच मिनिटे. मुंबईतल्या मुलाने ते ऐकून रात्री फोन केला की, "दादा, हे तुम्ही आम्हांला कधी सांगितलेच नाही." म्हातारा म्हणाला, "तू कधी विचारलंस?" दोघेही काही वेळ गप्प होते. मग मुलाने बैलांची नावे विचारली.

यंदाच्या सप्ताहात काल्याच्या आधीचे पाच दिवस, दुपारचे भोजन झाल्यावर आणि हरिपाठाच्या आधी, तीन ते चार या वेळात आम्ही मंडपातच बसणार आहोत. गावातल्या आठवीपुढच्या मुलामुलींना सांगितले आहे. एकेका वृद्धामागे एक जण, आणि ते जोडपे पाचही दिवस तेच राहील, म्हणजे ओळख होते. मुलांना अट एकच, फोनला हात लावावयाचा नाही. पाचव्या दिवशी ज्यास वाटेल त्याने आपली गोष्ट मंडपात सर्वांना ऐकवावी, न वाटेल त्याने घरी न्यावी. इतर गावच्या फडकऱ्यांनी आणि दिंडीचालकांनीही आपापल्या सोयीने असे करून पाहावे, आणि कसे झाले ते आम्हांस कळवावे. येणाऱ्यांनी चष्मा बरोबर आणावा. मंडपातली वीज दुपारी जाते, तेव्हा फोन सकाळीच घरून भरून आणावेत.